सासूबाईंची अर्धी गोधडी आणि भरलेली पेटी

"मावशी, विषय अगदी बारीक वाटेल पण माझ्या डोक्याला ताप झालाय. माझ्या सासूबाई माणदेशातल्या. 2006 ला मुलगा तीन वर्षांचा असताना त्यांनी त्याच्यासाठी गोधडी शिवायला घेतली, स्वतःच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची. मग मोतीबिंदू झाला, दिसेना, तरी चाचपडत शिवत होत्या, 2011 ला त्या गेल्या आणि गोधडी पेटीत गेली ती गेलीच. चारी बाजूंनी कडेकडेने शिवून झालीये, मधला साधारण अडीच बाय चार फुटांचा भाग नुसता कच्च्या टाक्यांवर आहे. दर दिवाळीला साफसफाईत काढते, बघते, परत ठेवते. आता मुलगा सप्टेंबरमध्ये इंग्लंडला, लीड्सला शिकायला चाललाय आणि मला ती त्याच्यासोबत द्यायचीये. कापड म्हणशील तर पेटी उघडली की अंगावर येतं. त्यांची लुगडी, माझ्या जुन्या साड्या, हळदीकुंकवाचे ब्लाऊजपीस, मुलाचे युनिफॉर्म, शिवाय मध्ये एकदा जोशात येऊन ऑनलाइन मागवलेलं प्रिंटेड कापड आणि आत घालायचं ते पांढरं फायबरचं शीट, सगळं तसंच पडलंय. जाऊबाई म्हणतात शेवटचे टाके वाकडेतिकडे आहेत, तेवढं उसवून मशीनवर घालून घे. नवरा म्हणतो बाहेर देऊन टाक. यूट्यूबवर बघितलं तर सगळे मधून सुरुवात करतात आणि आमची तर कडेने शिवलीये, म्हणजे सासूबाईंचंच चुकलं होतं का? मला शिवण येत नाही, हुक-बटण आणि साडीला फॉल एवढंच. आणि खरं सांगू का, फार अपराधी वाटतं. — अर्धवट, डोंबिवली"

अगं अर्धवट (हे नाव तूच घेतलंयस हां, मला बोल लावू नकोस),

आधी हिशोब करू, कारण तू एवढं मोठं पत्र लिहिलंस पण नक्की किती काम उरलंय ते मोजलेलं दिसत नाही. अडीच बाय चार म्हणजे दहा चौरस फूट. दोन रांगांत एक इंच अंतर ठेवलं तर सगळ्या रांगा मिळून साधारण 120 फूट धावदोरा घालायचाय. सवयीचा हात फूटभर टाके पाच मिनिटांत घालतो, तुझा नवखा आहे म्हणून दहा धर, म्हणजे 1200 मिनिटं, म्हणजे वीस तास. रोज संध्याकाळी मालिका बघताना अर्धा तास बसलीस तरी चाळीस दिवसांत संपतं आणि मधे चार दिवस पाहुणे आले, दोन दिवस डोकं दुखलं, एक दिवस लाईट गेली, हे सगळं धरूनही दोन महिन्यांच्या वर जात नाही. वीस तासांचं काम इतकी वर्षं पेटीत बसलंय, तेव्हा वेळ नव्हता हे कारण तू स्वतःला सांगत असशील तर सांगू नकोस. मला पत्र वाचून जे दिसतंय ते असं की दर दिवाळीला तू पेटी उघडतेस, एवढं कापड बघतेस, यातलं नेमकं कुठलं शोभेल हा विचार सुरू होतो, आणि तो संपायच्या आत फराळाचं बघायची वेळ होते. ऑनलाइन कापड मागवलंस ते पण त्याच विचारातून, आणि ते आल्यावर पर्याय अजून वाढले, मिटलं काहीच नाही.

आणि शिवण येत नाही म्हणतेस, पण फॉल लावतेस ना? फॉल आतून हाताने लावता येणाऱ्या बाईला गोधडी येते. फॉलचा टाका उलट जास्त नाजूक असतो, तो बाहेरून दिसू द्यायचा नसतो. गोधडीत टाका दिसायलाच हवा, त्यामुळे तुझं काम सोपंच झालंय.

आता जाऊबाईंचं. एक टाका उसवायचा नाही. हे मी भावनेच्या भरात सांगत नाहीये, त्याला कारण आहे. जुनं सुती कापड सुईने एकदा भोकं पडलेलं असतं, दोरा त्यात बसून गेलेला असतो, तो ओढून काढलास की विरलेलं सूत त्याच रेषेत फाटतं आणि मग तुला तिथे ठिगळं लावत बसावं लागेल. मशीनचं पण तेच, घरच्या मशीनखाली पाच-सहा थर सरकवले की खालचे दाते खालचा थर ओढून नेतात, वरचा पायाखाली मागे राहतो, चुण्या पडतात, आणि मशीनची सुई इतकी जवळजवळ भोकं पाडते की जुन्या लुगड्याची त्या रेषेत चाळण होते. नवीन कापडाच्या गोधड्या मशीनवर होतात, छान होतात, रस्त्यावर विकायला असतात त्या बहुतेक तशाच, पण ही नको.

फक्त जाऊबाईंच्या बोलण्यात एक मुद्दा आहे, तो सोडायचा नाही. दृष्टी कमी होत गेली तसे शेवटच्या रांगांचे टाके लांब झाले असणार, एकेक टाका बोटाच्या पेराएवढा वगैरे. दिसायला मला त्याचं काही वाटत नाही, पण वापरायला वाटतं, कारण लांब टाक्यात झोपेत पायाचा अंगठा अडकतो आणि दोरा तुटतो, एकदा तुटला की आख्खी रांग सुटत जाते. म्हणून त्या लांब टाक्यांच्या दोन रांगांच्या मधोमध तू तुझी एक बारीक टाक्यांची रांग घाल. त्यांचं तसंच राहतं आणि मजबुती तुझ्या रांगेची येते. ही वरची कामगिरी धरून अजून तीन-चार तास वाढव.

सासूबाईंचं काहीही चुकलेलं नाही, हे तर ठळक अक्षरात लिहावंसं वाटतंय. यूट्यूबवर तू बघतेस ती बहुतेक अमेरिकन पद्धतीची क्विल्ट असते, वर तुकडे जोडलेला थर, मध्ये कापसाचं किंवा फायबरचं शीट, खाली अस्तर. त्यात मधून बाहेर शिवत जातात म्हणजे कापडाचा फुगारा कडेला ढकलला जातो, मग कडा कापून सरळ करतात आणि सगळ्यात शेवटी चारी बाजूंना पट्टी मारतात. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गोधड्या उलट्या चालतात, आधी कडा आत दुमडून बंद करायच्या आणि चौकोनात चौकोन घालत आत जायचं, त्यामुळे शेवटी पट्टी मारायची भानगडच नाही. आपल्या शेजारी कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधड्या, शिवतात त्याही कडेपासून आत शिवत जातात, आणि कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणांची फुलं लावतात, कधी फोटो मिळाला तर बघ, रंग बघून वेड लागेल. सांगायचं काय तर दोन्ही पद्धती बरोबर आहेत पण एकाच गोधडीत दोन्ही घुसवल्यास तर मध्ये हमखास घोळ होणार. सासूबाई जिथे थांबल्या तिथूनच, त्याच दिशेने, गोल गोल आत जायचं.

आता पेटी. यावर जरा सविस्तर बोलते कारण तुझी गाडी इथेच अडलीये.

पहिल्यांदा ते फायबरचं शीट बाजूला काढ आणि कुणाला तरी देऊन टाक. कडा नुसत्या लुगड्यांच्या थरांच्या आहेत, चपट्या, आणि मधल्या भागात तू ते शीट घातलंस तर गोधडीचं पोट सुटेल. ऑनलाइनचं प्रिंटेड कापड चांगलं सुती असेलही, पण नवं कोरं, न धुतलेलं कापड पहिल्या धुण्यात आटतं, तीन ते पाच टक्के सहज, आणि तुझं जुनं लुगडं कित्येक वर्षं धुऊन धुऊन आटायचं तेवढं आटून बसलंय. नवं आटलं, जुनं नाही आटलं, की शिवलेल्या जागी सगळ्या सुरकुत्या. वापरायचंच असेल तर दोनदा गरम पाण्यात धुऊन घे. पण मला विचारशील तर या गोधडीला ते नकोच, त्याच्या उश्यांच्या खोळी शीव.

सासूबाईंची लुगडी हाच तुझा मुख्य माल. एक नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबी, त्यात सहा फुटांचे चार तुकडे आरामात निघतात आणि वर थोडं उरतं, म्हणजे एकाच लुगड्यात आख्ख्या सिंगल गोधडीचे चार थर, पन्हा पुरेसा असला तर मधे जोडही नाही. तुला तर फक्त मधल्या भागापुरतं भरायचंय. पण घ्यायच्या आधी प्रत्येक लुगडं उजेडासमोर धर. जिथे घड्या होत्या त्या रेषेवर कापड विरतं, वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं असतं म्हणून. मग दोन्ही हातांनी आडवं आणि उभं हलकं ओढून बघ, चर्र आवाज आला तर तो भाग आतल्या थराला टाक, वर आणि खाली नको. असं म्हणून फेकायचं मात्र काही नाही, आत दाबून बसलं की विरलेलं कापड पण वर्षानुवर्षं टिकतं कारण त्याच्यावर घासणं पडत नाही. इरकल असेल तर त्याचे काठ-पदर बघून घे, अंग सुती असतं बऱ्याचदा पण काठापदरात खरं किंवा कृत्रिम रेशीम असतं, रेशमाचा भाग वेगळा काढून ठेव.

खळ. ही गोष्ट कुणी सांगत नाही. सुती साडी कांजी घालून, कडक इस्त्री करून आपण पेटीत ठेवतो आणि मग म्हणतो कसर लागली. कसर लागते ती बरीचशी त्या खळीसाठी, चांदीसारखे चमकणारे ते किडे पिठूळ गोष्टी खातात. त्यामुळे पेटीतलं प्रत्येक सुती कापड आधी कोमट पाण्यात भिजत घालून खळ पूर्ण काढ. सुईलाही बरं, खळीच्या कापडातून सुई जाताना बोटाचं पार भजं होतं.

रंगाचं काय करायचं ते पण आत्ताच सांगते. लाल, मरून, जांभळा आणि गडद निळा, हे चार रंग संशयित. पांढरा ओला फडका घेऊन जोरात घास, रंग उतरला तर ते कापड वेगळ्या बादलीत, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. मीठ टाक, व्हिनेगर टाक, असं लोक सांगतील, त्याने सुटणारा रंग पक्का होत नाही, तो सुटायचा तेवढा सुटू द्यायचा आणि धुऊन काढायचा, एवढंच. चार-पाच पाण्यांनंतरही जे कापड रंग सोडतंय ते या गोधडीत घ्यायचं नाही, कितीही आवडतं असलं तरी. नाहीतर लीड्सला पहिल्या धुण्यात सासूबाईंचं पांढरं लुगडं गुलाबी होईल आणि पोरगा फोटो पाठवेल.

ब्लाऊजपीस! मला खात्री आहे की महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात एक पिशवी आहे जिच्यात ओटीत आलेले पीस आहेत आणि ते पुढच्या ओटीत जातात आणि तिथून पुढच्या, एखादा पीस फिरत फिरत आपल्याकडेच परत आलेला मी स्वतः ओळखलाय. त्यातले टू बाय टू असतील ते सुती, पातळ, गोधडीच्या वरच्या तुकड्यांना मस्त. चमकणारे, हाताला गार लागणारे, ते पॉलिएस्टर, ते बाजूला. ओळखता येत नसेल तर एका कोपऱ्यातला धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघ, सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून काळा टणक मणी होतो. खणाचे पीस असतील, गुळेदगुड्डचे वगैरे, तर ते वापरावेसे वाटतील कारण दिसतात फार सुंदर, पण कापल्यावर कडेने धागे सुटत जातात, म्हणून कडा चांगली अर्धा इंच आत दुमडूनच लाव आणि एखाद-दुसराच लाव.

मुलाचे युनिफॉर्म. तू लिहिलं नाहीस पण शर्ट बहुतेक टेरिकॉटचे असणार. ते आटत नाहीत, विरत नाहीत, पण हाताच्या सुईला कठीण. मग एकच कर, शर्टाचा खिसा शाळेच्या बिल्ल्यासकट कापून घे आणि एका कोपऱ्याजवळ तसाच उघडा ठेवून लाव. मोबाईल ठेवेल त्यात. पॅन्टचं कापड मात्र नको.

पैठणी, सिल्क, जॉर्जेट, शिफॉन, नाही. पैठणी तर तू लिहिलीही नाहीस पण कुणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगून ठेवते.

तुझ्या स्वतःच्या साड्यांपैकी, जी सगळ्यात जास्त नेसलीस आणि आता नेसवत नाही, अशी एक सुती साडी घे आणि ती सगळ्यात आधी काप. आधी चांगलं कापड कापायचं, कारण तू ठेवून ठेवून शेवटी वापरीन म्हणालीस की ते शेवटपर्यंत ठेवूनच दिलं जातं, आणि तू किती वर्षं ठेवू शकतेस ते आपण बघतोय. कुणी म्हणालं की गेलेल्या माणसाचं कापड कशाला वापरतेस, तर त्यांना विचार की मग गोधड्या कशाच्या शिवायच्या होत्या.

आणि मॅचिंग बघायचं नाही. सासूबाईंनी कडेला कुठले रंग लावलेत ते बघ, मला खात्री आहे त्यांनी मॅचिंग केलेलं नाही, जे हाताला आलं, जे त्या जागेवर बसलं, ते लावलं. तुला फारच सुचेनासं झालं तर एवढं कर की त्यांच्या कडेत जो रंग सगळ्यात जास्त आहे त्याचे दोन-तीन तुकडे मध्ये कुठेतरी येऊ देत, बाकी पेटी जे देईल ते.

हे सगळं धुणं पावसाआधी उरक बरं का, हे सगळ्यात महत्त्वाचं. शिवणं पावसात करता येतं, छान होतं उलट, पण डोंबिवलीच्या पावसात कापड वाळत नाही आणि दमट कापड गोधडीच्या आत गेलं तर कुबट वास आयुष्यभर जात नाही. गावाकडे बायका गोधड्या उन्हाळ्यात शिवायला घेतात आणि वापरातल्या गोधड्या नवरात्राच्या आधी नदीवर नेऊन धुतात, त्या उगाच नाही. तुझ्याकडे मेचे दिवस आहेत, लाग कामाला.

आता ती अर्धी गोधडीच. पेटीतून काढल्यावर दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर टाक, डांबरगोळ्यांचा वास जाऊ दे. कडक उन्हात तासन्‌तास नको, जुने रंग उडतात. लोखंडी पेटी असेल तर गंजाचे डाग असतील, पांढऱ्या भागावर असतील तर लिंबाचा रस आणि मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवलं की बरेच फिके होतात, मग लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, रंगीत भागावर मात्र लिंबू लावू नको, रंगच जाईल. पूर्ण गोधडी धुवायची असेल तर मशीनमध्ये अजिबात नाही, मधला भाग सुटा आहे, सगळे थर एका कोपऱ्यात गोळा होतील. मोठ्या टबात, गार पाण्यात, दाबून दाबून, आणि बाहेर काढताना खालून चादर घालून चादरीसकट उचल, कारण ओली गोधडी स्वतःच्या वजनानेच टाके तोडते. दोरीवर टाकायची नाही, गच्चीत चटईवर पसरायची.

वाळली की जमिनीवर पसर. टेबलावर नको, पलंगावर तर मुळीच नको. जुने कच्चे टाके आता काप, हे उसवणं चालतं, ते तेवढ्याचसाठी असतात. शिवलेल्या कडेपासून मध्याकडे हात फिरवत थर सारखे कर. आता तुला दिसेल की मध्ये कापड जास्त झालंय, फुगारा आलाय, आणि तू घाबरशील. कडेपासून आत शिवताना हे होतंच, प्रत्येक रांगेबरोबर कापड थोडं थोडं आत सरकत येतं. उपाय सोपा आहे, मध्ये वरचे तुकडे अजून लावायचे राहिलेत ना, म्हणजे आतले थर उघडेच आहेत, त्यांना मध्ये एक उभी चीर दे, दोन्ही कडा एकमेकांवर येतील तेवढं जास्तीचं कापून टाक आणि शेजारी शेजारी बसव, एकावर एक चढवू नको, गाठ येते. खालच्या अस्तराला मात्र कात्री लावायची नाही, ते हाताने ताणून सपाट कर आणि थोडा फुगारा राहिलाच तर राहू दे, रांगांमध्ये जिरतो. आतल्या थरांत एखाद्या ठिकाणी कापड कमी पडत असेल तर तिथे विरलेल्या लुगड्याचा तुकडा भर. मग नवे कच्चे टाके, तळहाताएवढ्या अंतरावर, किंवा सेफ्टी पिना, ज्या लागतील तेवढ्या, कंजुषी नको.

वरचे तुकडे एकदम सगळे मांडून बसू नको. हा तुझा परत पेटी उघडून बसायचा रस्ता आहे. एक रांग चालेल एवढ्याचेच तुकडे लाव, कडा आत दुमडून, एक तुकडा दुसऱ्यावर बोटभर चढवून, आणि त्याच्यावरूनच धावदोरा न्यायचा, म्हणजे तुकडा पण बसतो आणि थर पण शिवले जातात. रेष आखायला साबणाची झिजलेली चिपटी घे, टेलर तेच वापरतात, धुतली की जाते. बाजारात उडून जाणाऱ्या शाईची पेनं मिळतात ती मला पटत नाहीत, इस्त्री लागली तर कधीकधी तो रंग पक्काच बसतो. इंचाला चार टाके आले तरी पुष्कळ, आणि ते सगळे सारखे यावेत म्हणून जीव टाकू नको. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची ती बोटातली टोपी, मात्र घाल, मधल्या बोटात, पहिले दोन दिवस वैताग येईल, मग त्याच्याशिवाय जमणार नाही. दोरा सुती आणि जाडसर, मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतलास की गुंता होत नाही. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत म्हणून घ्यायचा मोह होईल, पण कापडापेक्षा दोरा दणकट झाला की ताण आला तर दोरा तुटायच्या ऐवजी कापड कापलं जातं. दोऱ्याचा रंग त्यांच्या दोऱ्यापेक्षा वेगळा घे, त्यांचा पांढरा होता तर तुझा निळा किंवा हिरवा. जुळवायला गेलीस तर जुना पांढरा पिवळा पडलेला असतो, नवा कधीच जुळत नाही आणि मग तो चुकल्यासारखा दिसतो. वेगळाच घेतला की कुठपर्यंत आजीचं आणि कुठून आईचं ते पोराला बोट लावून सांगता येईल.

नवरा म्हणतो बाहेर दे, तर ते काही पाप नाही. बचत गटाच्या बायका गोधड्या शिवून देतात, हात फार सुंदर असतो कित्येकींचा. जुलै संपेपर्यंत निम्म्याच्या वर झालं नाही तर खुशाल दे, फक्त बजावून सांग की आधीचं उसवायचं नाही, मशीन नाही, आणि कापड मी देईन तेच. पण आधी स्वतः सुरुवात कर. अपराधीपणाबद्दल तू शेवटी एक ओळ लिहिलीस, मी पण एकच लिहिते. तुझ्या सासूबाईंनी ती पाच वर्षांत पूर्ण केली नव्हती, आणि त्यांना यायचं शिवायला.

पोराला विचारलंस का गं पण? नाही म्हणजे सगळं पत्र वाचलं, त्यात त्याचं मत कुठेच नाही. तिकडे खोलीत हीटर असतो, जाड ड्युवे म्हणजे तिकडची रजई असते, त्याला वरून पांघरायला लागेलच असं नाही, पायावर घेऊन अभ्यासाला बसेल, किंवा भिंतीला टेकताना पाठीशी घेईल. विमानात बॅगेला बहुतेक 23 किलोची मर्यादा असते आणि पाच-सहा थरांची सिंगल गोधडी दीड किलोच्या आसपास जाते, म्हणजे तेवढे मेतकूट-लाडू कमी. हे त्याच्याशी आधी बोल आणि तो नको म्हणाला तर रुसू नकोस, तरी पूर्ण कर, पांघरायला तू आहेसच. नेणार असेल तर त्याला एवढं सांगून ठेव की मशीनमध्ये टाकली तर एकटीच टाकायची, 30 डिग्रीवर, हलक्या सायकलला, आणि ड्रायरमध्ये अजिबात नाही, खुर्चीवर पसरून वाळवायची. तो ऐकेल की नाही देव जाणे, म्हणून टाके बारीक घाल.

खालच्या बाजूला एका कोपऱ्यात साखळी टाक्याने सासूबाईंचं नाव आणि 2006 घाल, त्याखाली तुझं नाव आणि हे साल. मुलाचं नाव नको, त्याचा खिसा आहे.

उरलेले ब्लाऊजपीस येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटून टाक, ते चमकणारे सुद्धा, आणि नवीन आले तर त्याच महिन्यात पुढे ढकल. दोरा आणायला जाशील तेव्हा लागतो त्यापेक्षा दोन रिळं जास्त आण, मधेच संपला की त्याच रंगाचा परत मिळत नाही.

— मावशी